संकटकाळातील समर्पणाची प्रार्थना

समर्पणाची प्रार्थना म्हणजे आपले जीवन, आपले प्रियजन, आपले दुःख आणि त्या दुःखाचा शेवट कसा व्हावा हा प्रश्नदेखील परमेश्वर पित्याच्या हाती सोपवून देणे. ख्रिस्तसभेच्या परंपरेत या प्रार्थनेला फार जुने स्थान आहे. तथापि आपल्या धर्मग्रामांत 'समर्पण' हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो तितका तो समजून घेतला जातो, असे म्हणता येत नाही. तरुण मुलगा गमावलेल्या घरी सांत्वनाला आलेली माणसे त्याच्या आईला 'रडू नकोस, देवाची मर्जी' असे सांगतात. कर्करोगाचे निदान झालेला एखादा रुग्ण 'मी सर्व काही देवावर सोडले आहे' असे म्हणून औषधोपचार थांबवतो. कर्जात बुडालेला गृहस्थ हेच शब्द उच्चारतो आणि घरच्यांपासून हिशेब लपवतो. या तिन्ही ठिकाणी भाषा समर्पणाची आहे, प्रार्थना मात्र समर्पणाची नाही. म्हणून या शब्दाचा अर्थ पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेची शिकवण व श्रद्धावंतांचे जीवन यांच्या आधारे पाहणे अगत्याचे आहे.

'सोपवणे' या शब्दाचा अर्थ

संत लूकच्या शुभवर्तमानानुसार क्रूसावरील प्रभू येशूचे अखेरचे उद्गार म्हणजे आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवून देणारी प्रार्थना होय (लूक २३:४६). हे शब्द प्रभूने नव्याने रचलेले नव्हते. ते एकतिसाव्या स्तोत्रातील आहेत. यहुदी परंपरेत रात्री निजण्यापूर्वी हे वचन म्हणण्याचा प्रघात आहे. प्रभूने त्याच्या आरंभी केवळ 'पित्या' ही हाक जोडली.

मूळ हिब्रू व ग्रीक भाषांत येथे आलेले क्रियापद रोजच्या व्यवहारातील आहे. एखादी मौल्यवान वस्तू विश्वासू माणसाकडे सांभाळण्यासाठी देणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अशा वस्तूला 'ठेव' म्हणतात. ठेव देणारा ती वस्तू टाकून देत नाही. उलट, ती आपल्या हातात सुरक्षित राहणार नाही हे ओळखून तो ती अधिक सुरक्षित हातात देतो. मराठीत 'शरण जाणे' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. लढाईत हरलेला सैनिक शत्रूला शरण जातो आणि भक्तही देवाला शरण जातो. संकटात सापडलेला माणूस पुष्कळदा पहिल्या अर्थाने देवाकडे जातो. देव बलाढ्य आहे, त्याच्यापुढे आपले काही चालत नाही, तेव्हा गप्प बसावे, अशी त्याची समजूत असते. क्रूसावरील प्रार्थनेत अशा हताशपणाला जागा नाही. तेथे पुत्र आपल्या पित्याकडे ठेव देत आहे.

आणखी एक गोष्ट वाचकांनी आपले बायबल उघडून पाहावी. एकतिसाव्या स्तोत्रात आत्मा सोपवून देणारे वचन आरंभीच, पाचव्या ओवीत येते. स्तोत्रकाराचे गाऱ्हाणे नवव्या ओवीपासून पुढे आहे. रडून रडून डोळे थकले, शेजारीपाजारी आपल्याला टाळू लागले, फुटलेल्या भांड्यासारखी आपली गत झाली, असे तो सांगतो. म्हणजे सोपवून दिल्यानंतरही त्याचे दुःख बोलके राहते. समर्पण केले की तक्रार करू नये, असा नियम या स्तोत्राला ठाऊक नाही.

संत पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच क्रियापद पुन्हा भेटते. छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती जनांना प्रेषित सांगतो की, त्यांनी आपले जीव विश्वासू निर्माणकर्त्याकडे सोपवावेत आणि सत्कृत्ये करीत राहावे (१ पेत्र ४:१९). सोपवणे आणि करीत राहणे ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

गेथशेमाने बागेतील प्रार्थना

'गेथशेमाने' या नावाचा अर्थ तेलाचा घाणा असा होतो. जेरुसलेमच्या पूर्वेला किद्रोन ओढा ओलांडला की जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी ही बाग लागते. मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी तेथील प्रार्थना नोंदवली आहे. समर्पणाच्या प्रार्थनेचा खरा आराखडा येथे मिळतो, म्हणून या प्रसंगाकडे सावकाश पाहिले पाहिजे.

प्रभू येशू तेथे एकटा जात नाही. पेत्र, याकोब व योहान यांना तो बरोबर घेतो. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे हे तो त्यांच्यापासून लपवीत नाही आणि आपल्यासोबत जागे राहण्याची विनंती त्यांना करतो. देवाच्या पुत्राला त्या रात्री माणसांची सोबत हवी होती. 'मी माझे दुःख फक्त देवालाच सांगतो' असे अभिमानाने म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिष्य झोपी गेले, तीन वेळा झोपी गेले, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर तो प्रार्थना करतो. तिचा पहिला भाग मागणीचा आहे. पित्याला सर्व काही शक्य आहे, तर हा प्याला दूर करावा, असे तो स्पष्ट शब्दांत मागतो. संत मार्कने येथे 'अब्बा' हा अरामी शब्द जपून ठेवला आहे. घरातील मूल ज्या शब्दाने बापाला हाक मारी तो हा शब्द. मागणी झाल्यावर दुसरा भाग येतो. माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असे तो म्हणतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याने आपली इच्छा काय आहे हे सांगितलेच नाही, त्याने सोपवले काय? पुष्कळ भाविक पहिला भाग गाळून थेट दुसऱ्या भागाकडे जातात, कारण मागणे त्यांना कमी श्रद्धेचे लक्षण वाटते. प्रभूला तसे वाटले नाही.

शिवाय ही प्रार्थना एका बैठकीत संपली नाही. मत्तय व मार्क यांच्या वृत्तांतानुसार प्रभू तीन वेळा उठून गेला आणि त्याने तीच प्रार्थना पुन्हा केली. रात्रीचे समर्पण सकाळी विरून जाते आणि पुन्हा करावे लागते, असा अनुभव पापनिवेदनाच्या वेळी अनेक जण कमीपणाने सांगतात. गेथशेमानेतील रात्र पाहिल्यावर त्यात कमीपणा मानण्याचे कारण उरत नाही.

प्याला दूर झाला नाही. तरीही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, प्रभूने मोठा आक्रोश करीत व अश्रू ढाळीत प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली (इब्री ५:७). ऐकली गेली ती कशी? संत लूक सांगतो की, एका देवदूताने येऊन त्याला सामर्थ्य दिले आणि त्यानंतरही त्याची व्यथा इतकी तीव्र होती की घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. म्हणजे सामर्थ्य मिळाल्यावरही व्यथा संपली नाही. पण प्रार्थनेच्या आरंभी भूमीवर पालथा पडलेला येशू शेवटी उठून उभा राहतो, शिष्यांना जागे करतो आणि आपल्याला पकडायला येणाऱ्यांना सामोरा जातो. पुनरुत्थान ही त्या प्रार्थनेच्या उत्तराची पूर्ती होती, आणि त्यासाठी शुक्रवारचा दिवस मध्ये जावा लागला.

गाऱ्हाण्याची स्तोत्रे आणि ईयोब

बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. तेराव्या स्तोत्राचा कर्ता, आणखी किती काळ वाट पाहायची, असे देवाला लागोपाठ चार वेळा विचारतो. बावीसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश प्रभूने क्रूसावर आपलासा केला. हे स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने त्याला आपल्या प्रार्थनाग्रंथातून वगळले नाही. श्रद्धावंताच्या आयुष्यात असेही दिवस येतात की त्या दिवशी याहून अधिक काही म्हणता येत नाही, हे तिला माहीत आहे.

ईयोबाच्या ग्रंथात तर हा प्रश्न निकालात काढलेला आहे. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात, त्याच्या दुःखामागे त्याचे पाप असले पाहिजे असे सुचवतात आणि त्याला गप्प राहायला सांगतात. ईयोब देवाशी वाद घालतो. शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो आणि ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला असे म्हणतो (ईयोब ४२:७). पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात याच ग्रंथाच्या आधारे सांगितले की, प्रत्येक दुःख ही शिक्षा असते हे खरे नाही. सांत्वनाला जाणाऱ्यांनी ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे अनुकरणासाठी घ्यावेत. त्या दिवसांत ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते.

आपल्या देशातील पहिले गृहस्थाश्रमी हुतात्मा संत देवसहायम यांच्या श्रद्धेचा प्रवासही याच ग्रंथापासून सुरू झाला. त्रावणकोरच्या राजाच्या सेवेत असलेल्या या नायर गृहस्थावर कौटुंबिक आपत्ती आल्या असताना, त्या राज्याच्या सेवेत असलेला सेनानी दे लानॉय याने त्यांना ईयोबाची कथा सांगितली. १७४५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांचा छळ झाला, दीर्घ काळ त्यांना बंदिवासात ठेवण्यात आले आणि १७५२ साली गोळ्या घालून त्यांना ठार मारण्यात आले.

करोनाच्या साथीत २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या ओस पडलेल्या चौकात पावसात उभे राहून प्रार्थना केली, ती अनेकांनी घरी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. त्या संध्याकाळी निवडलेले शुभवर्तमान वादळात सापडलेल्या शिष्यांचे होते (मार्क ४:३५-४१). आम्ही बुडतो आहोत याची तुला काळजी नाही काय, असे शिष्य झोपलेल्या प्रभूला विचारतात. हे वाक्य तक्रारीचे आहे, पण ते प्रभूलाच उद्देशून आहे, आणि म्हणून ती प्रार्थना आहे.

खोटे समर्पण

सतराव्या शतकात मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने रोममध्ये एक शिकवण पसरवली. आत्म्याने देवापुढे संपूर्ण निष्क्रिय व्हावे, काही मागू नये, काही इच्छू नये, मोहाचा प्रतिकारही करू नये, असा तिचा रोख होता. १६७५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले होते. पोप अकरावे इनोसंट यांनी १६८७ साली त्याची अडुसष्ट विधाने निषिद्ध ठरवली. वाचकांना हा जुना वाद आपल्या उपयोगाचा वाटणार नाही. परंतु 'देवावर सोडले' असे म्हणून हातपाय न हलवणारा माणूस नकळत मोलिनोसचाच शिष्य झालेला असतो.

आजारपणाच्या बाबतीत पवित्र शास्त्र निःसंदिग्ध आहे. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या सिराखच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, आणि औषधेही जमिनीतून परमेश्वरानेच उगवली आहेत, असे सांगितले आहे. आजारी पडल्यावर प्रार्थना करावी, पापापासून दूर व्हावे आणि मग वैद्याला वाव द्यावा, असा तेथील उपदेश आहे. संत याकोबाच्या पत्रावर (५:१४-१५) आधारलेला आजाऱ्यांच्या अभ्यंगनाचा संस्कारही औषधाची जागा घेण्यासाठी नाही. हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी आहे, ही समजूतही सोडून द्यावी. गंभीर आजाराच्या आरंभी किंवा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. औषधोपचार बंद करून केवळ प्रार्थनेवर विसंबण्याचा सल्ला कोणी देत असेल, मग तो कितीही मोठा प्रार्थनावीर असो, तर तो ऐकू नये.

फादर सिझेक यांचा अनुभव

विसाव्या शतकात समर्पणाविषयी ज्यांनी स्वानुभवाने लिहिले त्यांत येशूसंघीय फादर वॉल्टर सिझेक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पोलिश वंशाच्या अमेरिकन कुटुंबात १९०४ साली त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, नाव बदलून ते कामगारांसोबत सोव्हिएत रशियात गेले. १९४१ साली त्यांना अटक झाली आणि व्हॅटिकनचे हेर ठरवून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात ठेवण्यात आले. तेथील सुमारे पाच वर्षांपैकी बहुतेक काळ त्यांनी एकांतकोठडीत काढला.

फादर सिझेक प्रार्थनाशील होते. शरीर व मन यांना कठोर शिस्त लावलेले होते. आपण चौकशीला पुरून उरू, असा त्यांना विश्वास वाटत होता. प्रत्यक्षात प्रदीर्घ चौकशीनंतर धमक्यांपुढे त्यांचे धैर्य खचले आणि पुढे ठेवलेल्या खोट्या जबानीच्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या. कोठडीत परतल्यावर त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. आपण देवाची मदत मागत होतो, पण भरवसा स्वतःच्या ताकदीवरच ठेवला होता, हे त्यांना तेव्हा उमगले, असे त्यांनी लिहिले आहे. चौकशी तेवढ्यावर थांबली नाही. त्यांनी सोव्हिएत सरकारसाठी काम करावे यासाठी दबाव येऊ लागला. एके दिवशी ते निराशेच्या इतक्या काळोखात गेले की काही काळ त्यांना देवाचेही स्मरण राहिले नाही. त्या अवस्थेत त्यांना गेथशेमाने बागेतील प्रभूची आठवण झाली. प्रभूलाही भय वाटले होते आणि तरीही त्याने स्वतःला पित्याच्या हाती दिले होते. फादर सिझेक यांनी त्या दिवशी काहीही राखून न ठेवता स्वतःला देवाच्या हाती दिले.

याचा परिणाम काय झाला हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढच्या वेळी कागद समोर आले तेव्हा त्यांनी सही करण्यास नकार दिला. मरणाची धमकी पूर्वीसारखी चालेनाशी झाली. त्यांना सैबेरियातील श्रमछावण्यांत पाठवण्यात आले. उत्तर ध्रुववृत्तापलीकडील नोरिल्स्क येथे त्यांनी कष्टाची कामे केली, सहबंद्यांची पापनिवेदने ऐकली आणि पावाच्या तुकड्यावर व थेंबभर द्राक्षारसावर चोरून पवित्र मिस्सा अर्पण केली. समर्पणानंतर ते अधिक कृतिशील झाले. इकडे अमेरिकेत त्यांना मृत समजून त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यात आल्या होत्या. १९६३ साली दोन सोव्हिएत हेरांच्या बदल्यात त्यांची सुटका झाली. ८ डिसेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

संत चार्ल्स दे फुको

आज जगभर म्हटल्या जाणाऱ्या समर्पणाच्या प्रार्थनेचे शब्द संत चार्ल्स दे फुको (१८५८-१९१६) यांच्या लेखणीतून आले आहेत. सीरियातील अक्बेस येथील ट्रॅपिस्ट मठात राहत असताना, १८९६ च्या सुमारास, त्यांनी शुभवर्तमानांवर चिंतने लिहिली. क्रूसावरील प्रभूच्या अखेरच्या प्रार्थनेवर चिंतन करताना, ही आपल्या प्रियतम स्वामीची प्रार्थना आपलीही व्हावी, अशा आशयाने त्यांनी ते शब्द लिहिले. पुढे त्यांच्या आध्यात्मिक परिवाराने तो मजकूर संक्षिप्त करून प्रार्थनेच्या रूपात प्रचारात आणला.

मठात लिहिलेल्या त्या शब्दांची कसोटी सहाराच्या वाळवंटात लागली. तामनरासेत येथे तुआरेग लोकांमध्ये राहत असताना, मिस्सेच्या वेळी उपस्थित राहायला कोणी ख्रिस्ती मनुष्य नसल्यामुळे, तेव्हाच्या नियमानुसार त्यांना मिस्सा अर्पण करता येईना. १९०७ चा नाताळ त्यांनी मिस्सेविना काढला. जानेवारी १९०८ मध्ये ते गंभीर आजारी पडले. भोवती दुष्काळ होता. त्या मुस्लिम शेजाऱ्यांनी दूरदूर हिंडून, मिळेल तेवढे शेळीचे दूध गोळा करून आणले आणि त्यांना वाचवले. इतरांना द्यायला गेलेल्या या माणसाला तेव्हा घ्यायला शिकावे लागले. त्या महिन्याच्या अखेरीस एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची परवानगीही येऊन पोहोचली. आपल्यामागे एखादा संघ उभा राहावा ही त्यांची इच्छा हयातीत पूर्ण झाली नाही. १ डिसेंबर १९१६ रोजी त्यांना ठार मारण्यात आले तेव्हा त्यांच्यासोबत एकही संघबंधू नव्हता. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. वर उल्लेखिलेले संत देवसहायम यांनाही त्याच समारंभात संतपद देण्यात आले.

घरी प्रार्थना करताना

समर्पणाची प्रार्थना कोणत्याही शब्दांत करता येते. मागणी स्पष्ट मांडावी. राग असेल तर तोही मांडावा. मग ते सर्व पित्याच्या हाती द्यावे आणि त्या दिवशी आपल्या हातून होण्याजोगे जे काम असेल, डॉक्टरांना भेटणे, बँकेत जाणे, दुरावलेल्या भावाला फोन करणे, ते करायला उठावे. शब्द सुचत नसतील तर पवित्र आत्मा आपल्या वतीने अनिर्वाच्य कण्हण्याने विनंती करतो, असे संत पौल सांगतो (रोम ८:२६). मंगळवारी व शुक्रवारी जपमाळेतील दुःखाच्या रहस्यांपैकी पहिले रहस्य गेथशेमानेचेच आहे. नेपल्सचे धर्मगुरू दोलिंदो रुओतोलो यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली समर्पणाची नऊ दिवसांची प्रार्थनाही अलीकडे अनेक घरांत म्हटली जाते, ती चांगली आहे. मात्र 'ही प्रार्थना इतक्या जणांना पाठवा म्हणजे इच्छा पूर्ण होईल, न पाठवल्यास अरिष्ट येईल' अशी शेपटी जोडून मोबाइलवर जे संदेश फिरतात, ते निःशंकपणे पुसून टाकावेत. देवाशी असा सौदा करणे हे समर्पणाच्या नेमके उलट आहे.

धर्मगुरू, धर्मभगिनी व अनेक प्रापंचिक श्रद्धावंत ब्रेव्हिअरीतील रात्रप्रार्थना म्हणतात. तिच्यात रोज वाचनानंतर एकतिसाव्या स्तोत्रातील ते सोपवून देण्याचे वचन प्रतिसाद म्हणून येते. बुधवारी त्या स्तोत्राचा आरंभीचा भागही म्हटला जातो. शुक्रवारच्या रात्रीसाठी ख्रिस्तसभेने अठ्ठ्याऐंशीवे, अंधारात संपणारे स्तोत्र नेमून दिले आहे, आणि त्यानंतरही वाचन झाले की तोच प्रतिसाद येतो. ज्या घरी संध्याकाळी जपमाळ होते तेथे शेवटी हे एक वचन सर्वांनी मिळून म्हणता येईल. ज्यांच्या घरी सध्या कोणी अंथरुणाला खिळलेले आहे त्यांनी ते आजाऱ्याच्या खाटेजवळ, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे.